सही खरी की छापील? मूकपटांच्या जुन्या कार्डांची पारख

बियाण्याची पिशवी घेताना आपण लेबल, लॉट नंबर, मुदत पाहतो, पक्की पावती मागतो. एकदा फसलं की अख्खा हंगाम हातचा जातो, हे आपल्याला ठाऊक असतं. हीच नजर आणखी एका बाजारात लागते. तो बाजार म्हणजे मूकपटांतील नटनट्यांच्या सह्यांची जुनी पोस्टकार्डं.

१९२० च्या दशकात सिनेमा बोलत नव्हता, पण नटांचे चाहते लाखांनी होते. बर्लिनच्या रॉस प्रकाशनाने त्यांच्या फोटोंची कार्डं ढिगाने छापली. अमेरिकेत चाहते पत्र पाठवून सहीचा फोटो मागवीत. पत्रं इतकी येत, की पुष्कळदा सही चिटणीस करी, नाही तर ती छापूनच येई. आज अशी कार्डं मोबाइलवरूनही मागवता येतात. म्हणून पैसे मोजण्याआधी एवढं पाहा :

१) कार्ड उजेडात तिरपं धरा. शाईची सही कागदावर वेगळी चमकते. छापील सही फोटोतच मुरलेली दिसते. भिंग जवळ ठेवा.

२) पेन पाहा. बॉलपेन अमेरिकेच्या बाजारात १९४५ साली आलं. रुडॉल्फ व्हॅलेंटिनो १९२६ सालीच वारला. त्याची बॉलपेनची सही कोणी दाखवली, तर सरळ हात जोडा.

३) कार्डाचा काळ पाहा. रॉसच्या कार्डावर खाली नाव व क्रमांक असतो, त्यावरून छपाईच्या काळाचा अंदाज येतो. नट वारल्यानंतर छापलेल्या कार्डावर त्याची सही येईलच कशी?

४) बँकेत नमुना सही ताडतात, तशी ही सही त्याच नटाच्या करारपत्रावरील किंवा खासगी पत्रावरील सहीशी ताडून पाहा.

कार्ड खरं निघालं तर जपा. सातबाऱ्यासारखं त्याचं लॅमिनेशन करू नका, डिंक वा चिकटपट्टी लावू नका. ऊन, ओल, वाळवी आणि कसर हे त्याचे वैरी. भिंतीपासून दूर, कोरड्या कपाटात ठेवा.

तुम्ही म्हणाल, साहेब, आमचा याच्याशी काय संबंध? संबंध आहे. १९२५ साली कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. सावकारामुळे जमीन गेलेल्या शेतकऱ्याची ती कथा. शेतकऱ्याचं काम व्ही. शांताराम यांनी केलं होतं. आपल्या घरचं दुःख पडद्यावर आणणारा तो चित्रपट आज पाहायला मिळत नाही. आपल्याकडे हजाराहून जास्त मूकपट निघाले, पण पूर्ण टिकले ते फारच थोडे. मागे राहिले ते फोटो, जाहिराती आणि कागद.

तेव्हा जुन्या वाड्यातली पेटी रद्दीवाल्यासमोर उपडी करण्याआधी एकदा नीट चाळा. मूकपटाचा फोटो, कार्ड, जाहिरातीचा कागद सापडला, तर पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. १९६४ पासून हे संग्रहालय असा ठेवा जपत आलं आहे. गावच्या ग्रामसेवकांनी आणि गुरुजींनीही ही गोष्ट चावडीवर सांगावी. रद्दीचे दोन पैसे कधीही मिळतील, पण गेलेला कागद पुन्हा उगवत नाही.