भुईआवळा आणि अँटिऑक्सिडंटचा आकडा

श्रावणात शेताच्या बांधावर, अंगणात, फार काय कुंडीतल्या तुळशीशेजारीही उगवणारा भुईआवळा शेतकऱ्याच्या दृष्टीने तण आहे आणि खुरपणीत तो उपटून फेकला जातो. चरकाचार्यांनी मात्र तामलकीला कासहर आणि श्वासहर अशा दोन्ही महाकषायांत स्थान दिले आहे. कामलेत तिचा उपयोग तर आपल्या नित्य परिचयाचा आहे. या वनस्पतीच्या चूर्णाच्या व अर्काच्या विक्रीपत्रकांवर अलीकडे ‘अँटिऑक्सिडंट क्षमता’ या शीर्षकाखाली एखादा आकडा छापलेला आढळतो आणि त्यावर मालाचा भावही ठरतो. तो आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे औषधनिर्मात्यांनी व चिकित्सकांनी जाणून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

हा आकडा बहुधा डीपीपीएच चाचणीतून येतो. डीपीपीएच हा गडद जांभळ्या रंगाचा, परीक्षानळीत स्थिर राहणारा मुक्त मूलक आहे. वनस्पतीच्या अर्कातील द्रव्याने त्याला हायड्रोजन दिला की रंग फिका पिवळसर होतो. ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीवर ही घट मोजतात. मूलकांपैकी निम्मे निष्प्रभ करण्यास अर्काची जी तीव्रता लागते ती आयसी-५०. अर्थात आकडा जितका लहान तितकी क्षमता अधिक. पत्रक वाचताना येथेच पुष्कळांची गल्लत होते. चाचणी स्वस्त व झटपट आहे, परंतु परीक्षानळीत ना जाठराग्नी असतो ना यकृत. अमेरिकेच्या कृषी खात्याने अशाच प्रकारच्या ‘ओरॅक’ मूल्यांची खाद्यपदार्थांची सूची २०१२ साली मागे घेतली. या मूल्यांचा मानवी आरोग्यावरील परिणामांशी संबंध दाखवता येत नाही, हे कारण त्या खात्याने दिले होते.

भुईआवळ्याच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. त्यातील महत्त्वाची रसायने ढोबळमानाने दोन गटांत पडतात. एक गट जिरॅनिन, कोरिलॅजिन यांसारख्या टॅनिनांचा. जिभेला जाणवणाऱ्या कषाय रसाशी यांचा संबंध जोडता येतो. यांच्या रेणूत मुक्त फेनॉलिक हायड्रॉक्सिल गट भरपूर असल्याने डीपीपीएचचा रंग तेच प्रामुख्याने उडवतात. दुसरा गट फिलँथिन व हायपोफिलँथिन या लिग्नानांचा. यकृतरक्षणाच्या प्रयोगांत ज्याचे नाव वारंवार येते ते फिलँथिन याच गटातले. परंतु त्याच्या रेणूत मुक्त फेनॉलिक हायड्रॉक्सिल नाहीच, त्यामुळे डीपीपीएच चाचणीत त्याचा वाटा अल्प. म्हणजे ज्या द्रव्यासाठी यकृद्विकारात हा माल घ्यावयाचा, त्याविषयी हा आकडा जवळजवळ मौन पाळतो! शिवाय उकळताना जिरॅनिनचे विघटन होऊन गॅलिक व एलॅजिक आम्ले तयार होतात. गॅलिक आम्ल स्वतःच या चाचणीत बलवान असल्यामुळे क्वाथाचा आकडा उत्तम दिसतो. फिलँथिन मात्र पाण्यात फारसे विरघळत नाही. स्वरस, कल्क, चूर्ण आणि क्वाथ हे एकमेकांचे पर्याय मानू नयेत, हा कल्पनाशास्त्राचा आग्रह येथे रसायनशास्त्रही उचलून धरते.

मुळात वनस्पती कोणती, हा प्रश्न याहून मोठा आहे. पत्रकांवर सर्रास ‘फिलँथस निरुरी’ लिहिलेले असते. ही वस्तुतः अमेरिका खंडातील जाती. भारतीय वनस्पतिग्रंथांत या नावाखाली अमारस, फ्रॅटरनस आणि डेबिलिस अशा तीन जाती एकत्र झाल्या आहेत, हे मित्रा व जैन यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले. आयुर्वेदिक फार्माकोपियात तामलकी म्हणून फ्रॅटरनस दिली आहे, तर फिलँथिन मुख्यत्वे अमारसमध्ये मिळते. ताजी वनस्पती हाती असेल तर भिंगाखाली फुलाची दले मोजावीत : अमारसची पाच, फ्रॅटरनसची सहा. खोड तांबूस व फळ खरबरीत असेल तर ती युरिनेरिया. केवळ एका रसायनाच्या उपस्थितीवर ओळख ठरवणेही धोक्याचे. माक्याचे मानक द्रव्य म्हणून मिरवणारे वेडेलोलॅक्टोन प्रथम, १९५६ साली, वेगळे केले गेले ते पिवळ्या माक्यातून.

ओळखीचा प्रश्न चिकित्सेपर्यंत कसा पोहोचतो पाहा. १९८८ साली ‘लॅन्सेट’मध्ये मद्रासच्या संशोधकांचा प्राथमिक अभ्यास प्रसिद्ध झाला. हिपॅटायटिस-बी विषाणूच्या ३७ वाहकांना अमारस दिली असता २२ जणांच्या रक्तातील पृष्ठप्रतिजन नाहीसे झाले. निष्क्रिय चूर्ण घेणाऱ्या २३ जणांपैकी एकाचेच झाले. पुढे थायलंडसह अन्यत्रच्या अभ्यासांत तसे फळ मिळाले नाही. वनस्पतीचे मूळस्थान व संग्रहकाळ यांतील फरक हे एक कारण सुचवले गेले, पण ते सिद्ध झालेले नाही. तेव्हा रुग्णास विषाणुमुक्तीचे आश्वासन देण्यास हा आधार पुरेसा नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

खरेदीच्या वेळी आम्ही आकड्याआधी पोते उघडून पाहण्याचा सल्ला देऊ. लिग्नाने प्रामुख्याने पानांत असतात. पाने झडून काड्याच उरलेला माल स्वस्त मिळाला तरी महागच पडतो. हिरवेपणा टिकलेला, सावलीत वाळवलेला, फुला-फळांवर असताना काढलेला माल घ्यावा. संग्राहकास जागा अवश्य विचारावी. तणनाशक फवारलेला बांध किंवा महामार्गाची कड असेल तर माल नाकारावा. शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले, तरी मातीत बसलेले शिसे सहजासहजी जात नाही. फार्माकोपियाची मर्यादा शिशासाठी दशलक्षांश १०, आर्सेनिकसाठी ३, पाऱ्यासाठी १ आणि कॅडमियमसाठी ०.३ अशी आहे. चाचणीवर खर्च करावयाचाच असेल, तर तो प्रथम या चार धातूंच्या तपासणीवर आणि नंतर फिलँथिनच्या मोजणीवर करावा.