जुन्या डिझेल मोटारीतील लहरी झडप आणि तिची परीक्षा

पेडणे तालुक्यातील हळर्ण गावाहून शुक्रवारच्या बाजारासाठी म्हापशाला निघालेली जुनी डिझेल मोटार चढणीवर एकाएकी ओढेनाशी होते व मागून काळा धूर सोडू लागते. चालक इंजिन बंद करून दहा मिनिटे थांबतो आणि पुन्हा सुरू करतो, तो मोटार पूर्ववत धावू लागते. गॅरेजमध्ये नेल्यावर दोष दिसत नाही. मग अंदाजाने एकेक सुटा भाग बदलला जातो, खर्च वाढतो आणि पुढच्या चढणीवर तोच अनुभव येतो. अशा वेळी संशय घ्यावा असा एक भाग म्हणजे निष्कास वायूचा काही अंश इंजिनात परत सोडणारी झडप. मेकॅनिक मंडळी तिला ‘ईजीआर व्हॉल्व्ह’ म्हणतात.

इंजिनातील ज्वलनाचे तापमान फार वाढले की हवेतील नत्र व प्राणवायू यांचा संयोग होऊन नत्राची ऑक्साइडे तयार होतात. ती फुप्फुसांस अपायकारक असून सूर्यप्रकाशात त्यांच्यापासून ओझोन निर्माण होण्यास मदत होते. एकदा जळून गेलेला वायू थोड्या प्रमाणात परत आत घेतला म्हणजे हे तापमान उतरते. डिझेल इंजिनात ही झडप साधारणपणे इंजिन मंद चालत असताना अथवा भार कमी असताना उघडते. चढणीवर पूर्ण जोर लागतो तेव्हा ती मिटली पाहिजे. ती अर्धवट उघडी राहिली तर इंजिनास पुरेसा प्राणवायू मिळत नाही. ओढ कमी होते आणि काळा धूर निघतो.

दोष अधूनमधूनच का प्रकट होतो, हा खरा प्रश्न आहे. काजळी व इंजिनातील तेलाची वाफ यांचा चिकट थर झडपेवर साचतो. त्यातील एखादा खडा झडपेच्या बैठकीत अडकतो आणि हादऱ्याने सुटूनही जातो. घरापासून बाजारापर्यंतच्या आखूड फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही, त्यामुळे हा थर लवकर वाढतो. दुसरे कारण विजेच्या जोडणीचे. कोकणपट्टीच्या दमट हवेत व पावसाळ्यात जोडणीच्या पिनांवर हिरवट गंज चढतो. कधी उंदीर तारा कुरतडतात.

म्हणून पहिले साधन पाना नव्हे, वही होय. इंजिन थंड होते की तापलेले, चढण होती की सपाटी, पाऊस होता काय, गाडीत माणसे किती होती, याची नोंद चालकाने त्याच दिवशी करावी. केवळ पावसानंतर उद्भवणारा दोष बहुधा तारांकडे बोट दाखवतो. त्यानंतर हवेचा फिल्टर पाहावा. तो तुंबला असला तरी काळा धूर येतो आणि तो बदलण्यास खर्च थोडा. टर्बोची रबरी नळी फाटली नाही ना, हेही पाहून घ्यावे.

मोटारीत संगणकीय नियंत्रण असल्यास त्यातील दोषसंकेत यंत्राने वाचून घ्यावा. ‘पी ०४०१’ म्हणजे परत येणारा वायू अपुरा, ‘पी ०४०२’ म्हणजे प्रमाणाबाहेर, ‘पी ०४०३’ म्हणजे विद्युत मंडलातील बिघाड. बॅटरीची तार आधीच सोडल्यास ही नोंद पुष्कळ गाड्यांत पुसली जाते, आणि घाईत नेमके तेच प्रथम केले जाते! इंजिन मंद चालू ठेवून झडपेकडे जाणारी तार पंख्यापासून हात दूर राखून हलवून पाहावी. इंजिनाचा सूर बदलला तर दोष जोडणीत आहे. ही परीक्षा बंद शेडमध्ये करू नये; निष्कासातील कार्बन मोनॉक्साइड वायू प्राणघातक असतो.

एवढ्याने उलगडा न झाल्यास इंजिन निवल्यावर झडप उतरवावी. काजळी मऊ ब्रशाने व योग्य द्रावणाने काढावी, स्क्रूड्रायव्हरने खरवडू नये. द्रावण विजेच्या भागात जाऊ देऊ नये आणि बसवताना गॅस्केट नवे घालावे.

काही ठिकाणी पत्र्याची चकती घालून वायूचा मार्गच बुजवला जातो. त्याने धूर कमी होतो, ओढही सुधारते आणि धूरतपासणीत गाडी सहज उत्तीर्ण होते. कारण डिझेल मोटारीच्या पीयूसी तपासणीत धुराची घनताच मोजली जाते. ‘भारत स्टेज चार’पूर्वीच्या गाड्यांस ही मर्यादा ६५ व त्या टप्प्याच्या गाड्यांस ५० हार्ट्रिज एकक आहे. नत्राची ऑक्साइडे या तपासणीत मोजलीच जात नाहीत. प्रमाणपत्र हाती असूनही अपायकारक वायू मात्र वाढलेला असतो, तोही डोळ्यांस न दिसणारा. जुनी मोटार विकत घेणाऱ्याने झडपेच्या सांध्यात अशी चकती आहे काय, हे मेकॅनिककडून पाहून घ्यावे.

साफसफाई व जोडणी ठीक करूनही तोच संकेत परत आला, तरच नवी झडप घ्यावी. पुष्कळ गाड्यांत नव्या झडपेची मिटलेली स्थिती संगणकास यंत्राद्वारे कळवावी लागते. ते यंत्र गॅरेजात आहे काय, हे झडप खरेदी करण्यापूर्वीच विचारावे.