विजय मर्चंट

विजय माधवजी मर्चंट (१२ ऑक्टोबर १९११ – २७ ऑक्टोबर १९८७) हे भारतीय क्रिकेटपटू, राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष, आकाशवाणीवरील लोकप्रिय क्रीडाभाष्यकार, उद्योजक आणि समाजसेवक होते. प्रथमश्रेणी क्रिकेटमध्ये किमान १०,००० धावा करणाऱ्या फलंदाजांत डॉन ब्रॅडमन यांच्याखालोखाल त्यांची सरासरी आहे. खेळातून निवृत्त झाल्यावर विविध भारतीवरील ‘क्रिकेट विथ विजय मर्चंट’ या कार्यक्रमामुळे ते मैदान कधीही न पाहिलेल्या श्रोत्यांपर्यंत पोहोचले. त्यांच्या धावा नोंदवह्यांत सुरक्षित आहेत. त्यांचा आवाज मात्र मुख्यतः त्या काळातील श्रोत्यांच्या स्मरणात उरला आहे. त्यामुळे आजच्या विद्यार्थ्यांना त्यांच्या कार्याचा अर्धा भाग अपरिचित राहतो.

जन्म, घराणे आणि आडनाव

मर्चंट यांचा जन्म मुंबईतील ठाकरसी या संपन्न गिरणीमालक भाटिया कुटुंबात झाला. त्यांचे मूळ आडनाव ठाकरसी. शाळेत नाव विचारले जात असताना वडिलांच्या व्यवसायाची चौकशी झाली, ‘मर्चंट’ म्हणजे व्यापारी असे उत्तर मिळाले आणि तेच आडनाव म्हणून नोंदले गेले, अशी हकिकत सांगितली जाते. पुढे त्यांनी हेच नाव कायम ठेवले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. महाविद्यालयीन सामन्यांतून ते हिंदू जिमखान्याच्या आणि मुंबईच्या संघात आले.

१९३२ साली भारतीय संघ पहिल्या कसोटीसाठी इंग्लंडला जाणार होता. त्या वेळी सविनय कायदेभंगाची चळवळ चालू होती आणि महात्मा गांधींसह अनेक नेते तुरुंगात होते. या परिस्थितीत मर्चंट यांनी संघनिवडीपासून दूर राहणे पसंत केले. एल. पी. जय आणि चंपक मेहता यांनीही तसाच निर्णय घेतला. वीस वर्षांच्या होतकरू फलंदाजासाठी हा त्याग लहान नव्हता.

फलंदाजीची कारकीर्द

डिसेंबर १९३३ मध्ये मुंबई जिमखान्याच्या मैदानावर भारतातील पहिला कसोटी सामना झाला. त्यातच मर्चंट यांचे कसोटी पदार्पण झाले. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यात ओल्ड ट्रॅफर्ड येथे त्यांनी मुश्ताक अली यांच्यासह सलामीला २०३ धावांची भागीदारी केली. मुश्ताक अलींनी ११२ आणि मर्चंट यांनी ११४ धावा केल्या. मुश्ताक अली पुढे सरसावून धाडसी फटके मारत, तर मर्चंट चेंडूची पूर्ण पारख करून खेळत. दोन भिन्न प्रकृतींच्या फलंदाजांची ही जोडी क्रिकेटच्या इतिहासात गाजली. १९३७ च्या ‘विस्डेन’ वार्षिकाने वर्षातील पाच सर्वोत्तम क्रिकेटपटूंमध्ये मर्चंट यांची निवड केली.

त्यानंतर दुसऱ्या महायुद्धामुळे अधिकृत कसोटी सामने थांबले. १९३६ ते १९४६ या दहा वर्षांत भारताने एकही कसोटी खेळली नाही. मर्चंट यांच्या वयाची चोविसाव्या वर्षानंतरची दहा वर्षे, म्हणजे फलंदाजाच्या ऐन बहराचा काळ, अशा रीतीने कसोटी क्रिकेटविना गेला. युद्धानंतर प्रकृतीच्या तक्रारींमुळे त्यांना १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावरही जाता आले नाही. परिणामी त्यांच्या नावावर अवघे दहा कसोटी सामने आहेत आणि ते सर्व इंग्लंडविरुद्धचे आहेत. त्यांत त्यांनी ४७.७२ च्या सरासरीने ८५९ धावा केल्या. त्यांत तीन शतके आहेत.

त्यांच्या खऱ्या योग्यतेचे माप देशांतर्गत क्रिकेटमध्ये दिसते. प्रथमश्रेणी सामन्यांत त्यांनी ७१.६४ च्या सरासरीने १३,४७० धावा केल्या. रणजी करंडक स्पर्धेत त्यांची सरासरी ९८.७५ आहे. १९४३-४४ च्या हंगामात महाराष्ट्राविरुद्ध मुंबईकडून खेळताना त्यांनी नाबाद ३५९ धावा काढल्या. त्याच हंगामातील पंचरंगी स्पर्धेत हिंदू संघाकडून त्यांनी नाबाद २५० धावा केल्या आणि त्याला उत्तर देताना ‘शेष’ संघाच्या विजय हजारे यांनी एकट्याने ३०९ धावा केल्या. हजारे यांच्या संघाची त्या डावातील एकूण धावसंख्या ३८७ होती. मर्चंट आणि हजारे यांच्यातील ही चुरस त्या काळच्या मुंबईकर प्रेक्षकांसाठी मोठी पर्वणी होती.

ओव्हलवरील धावचीत

१९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात मर्चंट यांनी २,३८५ धावा केल्या. ओव्हल मैदानावरील कसोटीत ते १२८ धावांवर धावचीत झाले. क्षेत्ररक्षक डेनिस कॉम्प्टन यांनी चेंडू हाताने उचलून फेकण्याऐवजी पायाने लाथाडला आणि तो थेट यष्ट्यांवर आदळला. कॉम्प्टन हे आर्सेनल संघाचे व्यावसायिक फुटबॉलपटूही होते. क्रिकेटच्या मैदानावर एका फुटबॉलपटूने आपल्या पायाच्या कौशल्याने घेतलेला हा बळी प्रसिद्ध आहे.

या प्रसंगातील दोन्ही खेळाडू पुढे प्रक्षेपक झाले. कॉम्प्टन यांनी बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर क्रिकेटचे समालोचन केले आणि मर्चंट आकाशवाणीवरून बोलू लागले.

अखेरचा सामना

नोव्हेंबर १९५१ मध्ये दिल्लीच्या फिरोजशाह कोटला मैदानावर मर्चंट यांनी इंग्लंडविरुद्ध १५४ धावा केल्या. त्या वेळी त्यांनी वयाची चाळीस वर्षे पूर्ण केली होती. ही त्यांची कसोटीतील सर्वोच्च धावसंख्या. याच सामन्यात विजय हजारे यांनी नाबाद १६४ धावा केल्या, तर फिरकी गोलंदाज सदू शिंदे यांनी इंग्लंडच्या पहिल्या डावात ९१ धावांत सहा बळी मिळवले. सदू शिंदे यांचे नाव पुणे जिल्ह्यातील वाचकांना आणखी एका नात्याने परिचित आहे. बारामतीचे नेते शरद पवार यांच्या पत्नी प्रतिभा पवार या शिंदे यांच्या कन्या होत.

या सामन्यात क्षेत्ररक्षण करताना मर्चंट यांच्या खांद्याला दुखापत झाली आणि त्यांची कसोटी कारकीर्द शतकाच्याच सामन्यात संपली. ‘का निवृत्त झालात?’ असे लोक विचारत असतानाच थांबावे, ‘का निवृत्त होत नाही?’ असे विचारण्याची वेळ येऊ देऊ नये, हे त्यांचे मत पुढे खेळाडूंच्या निवृत्तीच्या चर्चेत वारंवार उद्धृत झाले.

आकाशवाणीवरील कार्य

भारतात क्रिकेटचे धावते समालोचन १९३० च्या दशकात ए. एफ. एस. तल्यारखान यांनी रुजवले. दिवसभर एकट्याने बोलत राहण्याची त्यांची पद्धत होती. पुढे एकाहून अधिक समालोचक आणि त्यांच्या जोडीला खेळाचा जाणकार अशी पद्धत रूढ झाली. धावते समालोचन करणारा चेंडू कोठे गेला हे सांगतो, तर जाणकार तो तेथे का गेला हे स्पष्ट करतो. मर्चंट यांचे स्थान या दुसऱ्या प्रकारात होते. खेळपट्टीचे स्वरूप, क्षेत्ररचनेमागील हेतू आणि फलंदाजाची चूक यांचे विश्लेषण ते शांतपणे करीत.

त्यांचा मिस्कील स्वभावही या माध्यमातून प्रकट होई. जानेवारी १९६० मध्ये मुंबईच्या ब्रेबोर्न मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध अब्बास अली बेग यांनी अर्धशतक केले, तेव्हा एका तरुणीने मैदानात धावत येऊन त्यांच्या गालाचे चुंबन घेतले. आपण शतके आणि द्विशतके काढत होतो तेव्हा या धीट तरुणी कोठे होत्या, असा प्रश्न समालोचनकक्षात बसलेल्या मर्चंट यांनी केला. तो प्रसंग त्यांच्या या उद्गारासह आजही सांगितला जातो.

‘क्रिकेट विथ विजय मर्चंट’ हा विविध भारतीवरील कार्यक्रम रविवारी प्रसारित होत असे. विविध भारती ही सेवा ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झाली होती. चित्रपटगीतांसाठी लावलेल्या रेडिओवरच हा कार्यक्रम ऐकू येत असल्याने केवळ क्रिकेटरसिकच नव्हे, तर घरातील इतर माणसेही त्याचे श्रोते झाले. ज्यांनी मर्चंट यांना कधी खेळताना पाहिले नव्हते अशा पिढीला ते प्रथम आवाज म्हणून माहीत झाले आणि त्यांच्या धावांची ओळख नंतर झाली.

या लोकप्रियतेमागे माध्यमाचे एक वास्तवही होते. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, परंतु ग्रामीण महाराष्ट्रात दूरचित्रवाणी पोहोचण्यास बराच काळ लागला. बारामती, इंदापूर यांसारख्या तालुक्यांतील श्रोत्यांसाठी ब्रेबोर्न मैदान किंवा ओव्हल ही केवळ ऐकलेली ठिकाणे होती. चित्र दिसत नसताना खेळ समजावून देण्याची जबाबदारी संपूर्णपणे शब्दांवर होती. मर्चंट यांच्याप्रमाणेच, महाराष्ट्राकडून रणजी करंडक स्पर्धेत खेळलेले बाळ ज. पंडित यांनी आकाशवाणीवर मराठीतून समालोचन करून ही जबाबदारी आपल्या भाषेत पार पाडली.

निवड समितीचे अध्यक्ष

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात मर्चंट राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष झाले. त्यांच्या काळात गुंडप्पा विश्वनाथ आणि एकनाथ सोलकर यांच्यासारखे तरुण कसोटी संघात आले. सोलकर यांचे वडील मुंबईच्या हिंदू जिमखान्यात मैदानाची देखभाल करीत. मर्चंट हे त्याच जिमखान्याचे थोर फलंदाज. गिरणीमालकाचा मुलगा अध्यक्ष असलेल्या समितीने माळ्याच्या मुलाला देशाच्या संघात घेतले, ही घटना त्या धोरणाचे मर्म सांगणारी आहे.

जानेवारी १९७१ मध्ये वेस्ट इंडीज दौऱ्यासाठी कर्णधार निवडताना समितीची मते समसमान विभागली गेली. मर्चंट यांनी आपले निर्णायक मत मन्सूर अली खान पतौडी यांच्याऐवजी अजित वाडेकर यांना दिले. पतौडी यांच्या चाहत्यांना हा निर्णय रुचला नाही आणि मर्चंट यांच्यावर तीव्र टीका झाली. तथापि वाडेकर यांच्या नेतृत्वाखाली भारताने त्या वर्षी प्रथम वेस्ट इंडीजमध्ये आणि नंतर इंग्लंडमध्ये मालिका जिंकली. पहिल्या मालिकेत सुनील गावसकर या नवोदित सलामीवीराने ७७४ धावा केल्या. इंग्लंडमधील निर्णायक विजय ऑगस्ट १९७१ मध्ये ओव्हलवर, म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वी मर्चंट धावचीत झालेल्या मैदानावर मिळाला.

समाजकार्य

मर्चंट यांनी अंध आणि अपंग व्यक्तींसाठी दीर्घकाळ काम केले. आपल्या कुटुंबाच्या हिंदुस्तान मिल्समध्ये अपंगांना रोजगार मिळावा यासाठी त्यांनी प्रयत्न केले. दयेपोटी दिलेल्या मदतीपेक्षा काम देणे महत्त्वाचे, ही या प्रयत्नामागची दृष्टी होती. ते मुंबईचे शेरीफही होते.

खेळाडू ते प्रक्षेपक : व्यापक संदर्भ

थोर खेळाडूने निवृत्तीनंतर लोकप्रिय प्रक्षेपक होण्याची परंपरा अनेक देशांत आढळते. इंग्लंडचे फुटबॉलपटू जिमी ग्रीव्ह्ज (१९४०–२०२१) हे तिचे ठळक उदाहरण होय. इंग्लंडकडून ५७ सामन्यांत ४४ गोल करणाऱ्या ग्रीव्ह्ज यांनी १९८० च्या दशकात इयान सेंट जॉन यांच्यासह ‘सेंट अँड ग्रीव्ह्जी’ हा दूरचित्रवाणी कार्यक्रम गाजवला. त्यांच्या विनोदी बोलण्याने प्रभावित झालेल्या अनेक तरुण प्रेक्षकांनी त्यांचा खेळ पाहिलेलाच नव्हता. मर्चंट यांच्या बाबतीतही असेच घडले.

दोघांच्या शैलीत मात्र फरक आहे. ग्रीव्ह्ज यांची लोकप्रियता थट्टेवर आणि उत्स्फूर्ततेवर उभी होती, तर मर्चंट यांची लोकप्रियता संयम आणि नेमकेपणा यांवर आधारलेली होती. फलंदाज म्हणून ते जसे चेंडू पारखल्याशिवाय फटका मारत नसत, तसे भाष्यकार म्हणून विचार केल्याशिवाय मत देत नसत.

निधन आणि स्मृती

२७ ऑक्टोबर १९८७ रोजी मुंबई येथे हृदयविकाराने मर्चंट यांचे निधन झाले. त्या वेळी भारत आणि पाकिस्तानमध्ये विश्वचषक स्पर्धा चालू होती आणि तिचे सामने घराघरांत दूरचित्रवाणीवर पाहिले जात होते. ज्या रेडिओयुगाचे ते प्रतिनिधी होते, ते युग क्रिकेटपुरते मागे पडू लागले होते.

भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या सोळा वर्षांखालील मुलांच्या स्पर्धेस ‘विजय मर्चंट करंडक’ असे नाव आहे. मुंबईच्या वानखेडे मैदानावरील एका प्रेक्षागृहासही त्यांचे नाव देण्यात आले आहे. तरुणांना वेळीच संधी द्यावी यासाठी निवड समितीत टीका सोसणाऱ्या मर्चंट यांचे नाव मुलांच्या स्पर्धेशी जोडले जाणे औचित्यपूर्ण आहे. करंडकावर त्यांचे नाव वाचणाऱ्या मुलांनी त्यांच्या सरासरीबरोबर रविवारी रेडिओवरून खेळ समजावून सांगणारा त्यांचा आवाजही लक्षात ठेवावा, इतके त्या कार्याचे मोल आहे.