चौथा रिपोर्ट

मळवलीहून सकाळच्या लोकलने चिंचवडला कामाला जाणारा एक तरुण डोळ्यांसमोर आणा. वय सत्तावीस, लग्न ठरलेलं. तीन महिन्यांपूर्वी मित्राच्या वाढदिवसाला जवळच्याच एका बंगल्यावर रात्र रंगली आणि एका ओळखीपाळखी नसलेल्या मुलीशी त्याचा संबंध आला. निरोध वापरला होता, तो फाटलाही नव्हता. तरी गाडी कामशेत सोडते तोच मोबाइल बाहेर येतो आणि तीन पीडीएफ पुन्हा उघडल्या जातात. तिन्हींवर ‘नॉन-रिअॅक्टिव्ह’ लिहिलेलं आहे. आज तो चिंचवडला उतरणार नाही. एक स्टेशन पुढे, पिंपरीला उतरून चौथी तपासणी करणार आहे. तिथल्या लॅबमध्ये त्याला कोणी ओळखत नाही.

हा तरुण कल्पनेतला आहे. पण एचआयव्हीच्या समुपदेशन केंद्रांना अशी माणसं नवी नाहीत. रक्तात विषाणू नाही आणि झोपही नाही, अशी त्यांची अवस्था असते.

आधी विषाणूचा हिशेब मांडू. भारतात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण सुमारे ०.२ टक्के, म्हणजे हजारात दोन आहे. काही गटांत ते जास्त आहे, हे खरं. पण समोरची व्यक्ती बाधित आहे, उपचार घेत नाही आणि निरोधही वापरलेला नाही असं धरलं, तरी योनीमार्गे एका संबंधातून पुरुषाला लागण होण्याची सरासरी शक्यता दहा हजारांत चार आणि स्त्रीला आठ असते. गुदमार्गे संबंध स्वीकारणाऱ्याला ती दहा हजारांत सुमारे १३८ पर्यंत जाते. एखादा गुप्तरोग वा जखम असेल तर धोका वाढतो, म्हणून या आकड्यांना कोणी परवाना समजू नये. निरोध नीट वापरला की धोका आणखी बराच उतरतो. मुखमैथुनातून तो अत्यल्प असतो. मिठी, एका ताटातलं जेवण, बंगल्यावरचा स्विमिंग पूल आणि मावळातले डास यांच्यातून लागण होत नाही.

शिवाय बाधित व्यक्ती नियमित औषधं घेत असेल आणि रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी झाला असेल, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. युरोपातल्या ‘पार्टनर’ अभ्यासात एक बाधित आणि एक निरोगी अशा जोडप्यांचे निरोधाविना झालेले सुमारे ५८ हजार संबंध मोजले गेले. जोडीदाराकडून लागण झाल्याचं एकही उदाहरण सापडलं नाही. हे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. आपल्या डोक्यातला एड्स मात्र अजून नव्वदच्या दशकातल्या पोस्टरवरच्या कवटीचा आहे.

आता तपासणी. लागण झाल्यावर ती चाचणीत दिसेपर्यंत जो काळ जातो, त्याला विंडो पिरियड म्हणतात. शिरेतून घेतलेल्या रक्ताची प्रयोगशाळेतली चौथ्या पिढीची चाचणी ४५ दिवसांनंतर विश्वासार्ह उत्तर देते. नुसत्या अँटिबॉडी शोधणाऱ्या चाचणीसाठी तीन महिने धरतात. ही मुदत उलटल्यावर निगेटिव्ह आलेला रिपोर्ट निगेटिव्हच असतो. त्यानंतरची तपासणी रक्ताची राहत नाही, संशयाची होते.

मग इतके रिपोर्ट हातात असून पटत का नाही? कारण भीती शरीरात आपले पुरावे स्वतःच तयार करते. गळ्यातली गाठ दिवसातून वीस वेळा चाचपली की ती दुखू लागते. झोप उडाली की भूक मरते, वजन उतरतं, पोट बिघडतं. मग इंटरनेटवर लक्षणं शोधली की ताप, घसा, पुरळ, जुलाब अशी यादी समोर येते. यातलं काही ना काही प्रत्येकाला कधीतरी होतच असतं. रिपोर्ट आला की दोन दिवस बरं वाटतं. तिसऱ्या दिवशी वाटतं, नमुना बदलला तर नसेल? प्रत्येक तपासणी शंका मिटवत नाही, तिला खाऊ घालते. मानसोपचारात याला आजाराविषयीची चिंता म्हणतात. त्यावर उपचार आहेत. पुन्हा पुन्हा खात्री करून घेण्याची सवय हळूहळू सोडवणारी वर्तनोपचार पद्धती त्यात उपयोगी पडते, आणि गरज भासली तर औषधंही.

या भीतीच्या मुळाशी बहुतेकदा विषाणू नसतो, अपराधीपणा असतो. ‘मला एचआयव्ही झालाय का’ या प्रश्नाच्या पोटात ‘मी वाईट माणूस आहे का, मला शिक्षा होणार का’ हा प्रश्न दडलेला असतो. पहिल्याचं उत्तर लॅब देते. दुसऱ्यासाठी कुठलंही किट निघालेलं नाही.

हे प्रश्न मराठी माणसाने नाव न देता विचारले, त्याला शंभर वर्षं होत आली. १९२७ साली र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि वाचकांच्या लैंगिक शंकांना त्यात न लाजता उत्तरं दिली. त्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरी कर्व्यांना दंड भरावा लागला. कर्व्यांनी मासिक मात्र १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. चारचौघांत बोलायची सोय नसलेल्या गोष्टींना पाप न म्हणता आरोग्याचा प्रश्न म्हणणं, हीच त्यांची चिकाटी होती.

आज सोय आहे. सरकारी रुग्णालयांतल्या एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात तपासणी मोफत होते. तपासणीआधी आणि नंतर समुपदेशक बोलतो. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. १०९७ हा एचआयव्हीसाठीचा, तर १४४१६ हा मनाच्या आरोग्यासाठीचा टेलिमानस क्रमांक आहे. दोन्ही मोफत आहेत. खरोखर धोका घडला असेल, निरोध फाटला वा वापरलाच नसेल, तर वाट पाहू नये. ७२ तासांच्या आत, आणि जितकं लवकर तितकं चांगलं, डॉक्टरांना गाठावं. गरज असल्यास २८ दिवसांची प्रतिबंधक औषधं सुरू करता येतात. एचआयव्हीचा धोका नगण्य असला तरी गरमी, परमा यांसारखे आजार असू शकतात. त्यांच्यासाठी सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’ आहेत.

तेव्हा त्या तरुणाने आज पिंपरीला खुशाल उतरावं. तिथे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. बाही वर करायची गरज नाही, समुपदेशकासमोर खुर्ची ओढून बसलं की पुरे. तिन्ही रिपोर्ट खरे आहेत. आता उरलंय ते फक्त बोलायचं.