दोघांचं भांडण, तिसऱ्याची उमेदवारी

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक जवळ आली की एक चर्चा हमखास सुरू होते. पक्षाच्या अधिवेशनात कुणालाच बहुमत मिळालं नाही, तर ऐनवेळी भलताच कुणी उमेदवार होईल का? राज्यशास्त्राच्या तासाला आमच्या एका विद्यार्थिनीनेही हेच विचारलं होतं. "म्हणजे जो शर्यतीतच नाही, त्याला तिकीट?" आम्ही म्हटलं, मिळतं, पण त्यामागे इत्तेफाक कमी आणि हिशेब जास्त असतो.

तिथले दोन्ही मोठे पक्ष आपला उमेदवार राष्ट्रीय अधिवेशनात ठरवतात. राज्याराज्यांतून आलेले प्रतिनिधी मतदान करतात. ठरलेला आकडा कुणीच गाठला नाही तर पुन्हा फेरी, मग पुन्हा फेरी. पूर्वी हे प्रतिनिधी म्हणजे स्थानिक पुढाऱ्यांची माणसं असत, त्यामुळे रात्री हॉटेलच्या खोलीत सौदे होत. आता सामान्य मतदार आधीच प्रायमरीत कौल देतात आणि बहुतेक प्रतिनिधी पहिल्या फेरीत त्या कौलाला बांधलेले असतात. 1952 साली डेमोक्रॅटिक पक्षाने अॅडलाय स्टीव्हन्सन यांना तिसऱ्या फेरीत निवडलं. त्यानंतर कोणत्याही मोठ्या पक्षात अध्यक्षपदाच्या उमेदवारासाठी दुसरी फेरी लागलेली नाही.

तरी आशा काही सुटत नाही. 2016 मध्ये रिपब्लिकन पक्षात ट्रम्प यांना 1,237 प्रतिनिधी गाठू द्यायचे नाहीत, अडवायचं, आणि मग पॉल रायन यांना पुढे करायचं, असं बरंच बोललं गेलं. रायन यांनी एप्रिलमध्येच जाहीर नकार दिला आणि ट्रम्प यांनी आकडा पारही केला. कायद्याने दार उघडं आहे खरं. पहिली फेरी फसली की बंधनं सैल होऊ लागतात. पण ती फसायला तिघा-चौघांत मतं विभागून राहावी लागतात, आणि हरणारे तर अधिवेशनाच्या आधीच माघार घेतात.

असा तिसरा माणूस येतो तरी कुठून? 1880 साली शिकागोला जेम्स गारफिल्ड आले ते जॉन शर्मन यांचं नाव सुचवायला. ग्रँट आणि ब्लेन यांच्यात कोंडी झाली. 34 व्या फेरीत विस्कॉन्सिनने अचानक गारफिल्ड यांना 16 मतं दिली. ते हरकत घ्यायला उठले, सभाध्यक्षांनी त्यांना बसवलं. 36 व्या फेरीत तेच उमेदवार झाले, पुढे अध्यक्षही झाले. ग्रँट यांचे 306 समर्थक शेवटपर्यंत हलले नाहीत, म्हणून बाकीच्यांना एकत्र यावं लागलं.

पण आम्हाला खरी शिकवण्यासारखी वाटते ती 1924 ची गोष्ट. न्यूयॉर्कमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन भरलं. 1,098 मतं, आणि नियम दोन तृतीयांशाचा, म्हणजे 732 हवीत. एका बाजूला विल्यम मॅकअडू, ज्यांच्यामागे दक्षिण आणि पश्चिमेकडचे प्रोटेस्टंट, दारूबंदीवाले लोक. दुसऱ्या बाजूला न्यूयॉर्कचे गव्हर्नर अल स्मिथ, कॅथलिक, दारूबंदीचे विरोधक. पहिल्या फेरीत मॅकअडू 431.5, स्मिथ 241. कुणीच जिंकू शकत नव्हतं, पण दुसऱ्याला अडवणं मात्र दोघांनाही जमत होतं. कोंडी म्हणजे नेमकी हीच.

आणि भांडण फक्त खुर्चीचं नव्हतं. कू क्लक्स क्लान ही संघटना तेव्हा जोरात होती. काळे लोक, कॅथलिक, ज्यू, बाहेरून आलेले, सगळे तिचे लक्ष्य. पक्षाच्या जाहीरनाम्यात तिचा नाव घेऊन निषेध करावा, असा ठराव आला. हजारावर मतं पडली आणि ठराव अगदी बोटांवर मोजण्याइतक्या मतांनी पडला. द्वेषाचा निषेध केला, पण द्वेष करणाऱ्याचं नाव घेतलं नाही. जाहीरनाम्यात नाव असण्या-नसण्याने किती फरक पडतो, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

मग फेऱ्या सुरू झाल्या. नऊ-दहा दिवस, उकाडा, आणि रेडिओवर सारा देश ऐकतोय. प्रत्येक फेरीत यादीतलं पहिलं राज्य, अलाबामा, तेच वाक्य म्हणायचं: 24 मतं ऑस्कर अंडरवूड यांना. लोकांना ते पाठ झालं. अखेर 103 व्या फेरीत जॉन डेव्हिस हे वकील उमेदवार झाले. पहिल्या फेरीत त्यांना होती 31 मतं. त्यांच्यावर कुणाचा फार जीव होता असं नाही. पण त्यांच्यावर कुणाचा टोकाचा रागही नव्हता, आणि दमलेल्या सभेला तेवढं पुरलं.

तडजोडीच्या उमेदवाराची अडचण इथेच असते. भांडण मिटत नाही, नुसतं झाकलं जातं. नोव्हेंबरात कूलिज यांनी डेव्हिस यांचा दणदणीत पराभव केला. डेव्हिस यांना तीस टक्केही मतं मिळाली नाहीत. स्मिथ यांना 1928 मध्ये उमेदवारी मिळाली, आणि कॅथलिक असण्याचा मसला तेव्हाही प्रचारात निघालाच. दोन तृतीयांशाचा नियम 1936 मध्ये रद्द झाला.

एक गोष्ट मात्र डेव्हिस यांच्या बाजूने नोंदवायला हवी. ऑगस्ट 1924 मध्ये न्यू जर्सीतल्या सी गर्ट इथे भाषण करताना त्यांनी क्लानचा निषेध केला, आणि तोही नाव घेऊन.