कोन समोर हाये?

आमच्या परतवाड्यात मतमोजणीच्या दिवशी 'काय झालं?' असे कोणी विचारत नाही. 'कोन समोर हाये?' असे विचारतात. ४ जून २०२४ रोजी अमरावती लोकसभेची मोजणी चालू असताना हा प्रश्न मला सकाळपासून दहा जणांनी विचारला. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला आकड्यांतले सगळे कळते, असा गावाचा एक भाबडा समज असतो.

समोर कोणीच नसते. मतमोजणी म्हणजे जणू शंकरपट, आणि दोन जोड्या आपल्या डोळ्यांदेखत धुरळा उडवत चालल्या आहेत, असे टीव्ही दाखवतो. पण जोड्या तर २६ एप्रिललाच धावून गोठ्यात परतल्या होत्या. मते यंत्रांत होती, यंत्रे ३९ दिवस कुलपात होती. मोजणीला एका विधानसभा क्षेत्रासाठी साधारण १४ टेबले लागतात आणि मतदान केंद्रांच्या क्रमाने यंत्रे येतात. पहिल्या फेरीत ज्या भागाची यंत्रे आली, त्या भागाचा कल म्हणजे 'आघाडी'. पुढच्या फेरीत दुसरा भाग आला की 'मुसंडी'. कागदी मतपत्रिकांच्या काळात कित्येक निवडणुकांत वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मग मोजत, त्यामुळे फेरीच्या आकड्याला थोडा तरी अर्थ असे. आता तोही उरला नाही. दुपारी दोन वाजता अर्धी व्हाउचरे हातात धरून दिवसाचा ताळमेळ सांगणाऱ्या कारकुनाला आम्ही शाखेत उभे केले नसते. इथे त्यालाच स्टुडिओत बसवतात.

त्याच दिवशी मुंबई वायव्यमध्ये काय झाले पाहा. यंत्रांच्या मतांत अमोल कीर्तिकर यांना ४,५१,०९५ आणि रवींद्र वायकर यांना ४,५१,०९४. एका मताचा फरक! काही वाहिन्यांनी कीर्तिकरांना विजयी घोषितही करून टाकले. मग टपाली मते मिळवली आणि वायकर ४८ मतांनी निवडून आले. त्या निकालावर पुढे वाद झाला, तो वेगळा विषय. पण बेरीज पूर्ण होण्याआधी गुलाल उधळायची घाई कोणाला होती? मतदार तर घरीच बसला होता.

आमच्याकडच्या लढतीचीही बातमी अशीच, धावत्या जोडीची. नवनीत राणा, बळवंत वानखडे आणि प्रहारचे दिनेश बूब. प्रचाराच्या शेवटी अमरावतीच्या सायन्सकोर मैदानाच्या परवानगीवरून बच्चू कडू आणि पोलीस यांच्यात जी खडाजंगी झाली, ती दिवसभर पडद्यावर होती. कबूल करतो, मीही ती चहा गार होईपर्यंत पाहिली. पण २०२० च्या टाळेबंदीत थांबलेली अचलपूरची फिनले मिल, मुर्तिजापूरला जाणारी आणि आता रुळांपुरतीच उरलेली आमची शकुंतला, बांगलादेशाने आयातशुल्क वाढवत नेल्याने भाव पडलेला संत्रा, यांवर तिघांपैकी कोण काय करणार, हे शेजारी शेजारी मांडलेले मला कुठे वाचायला मिळाले नाही. सुटे सुटे आले, आतल्या पानावर. तालुक्याच्या बातमीदाराला मी दोष देणार नाही. बातमीही त्यानेच आणायची आणि जाहिरातही त्यानेच, मग तो उमेदवाराला कोणत्या तोंडाने आडवे प्रश्न विचारील?

निकाल लागला. वानखडे १९,७३१ मतांनी आले. बूब यांना ८५ हजारांवर मते पडली होती. लगेच 'मतविभाजन' हा शब्द मथळ्यांत झळकला, जणू ती ८५ हजार मते मुळात दुसऱ्या कोणाच्या ठेवी होत्या आणि चुकून बूब यांच्या खात्यात जमा झाल्या! आमच्या धंद्यात ज्याच्या खात्यात भरणा, रक्कम त्याची. त्या मतदारांनी तिसरे नाव का निवडले, हे विचारायला कोणी तरी वस्तीत जायला हवे होते. गेले असते तर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, सलग चार वेळा निवडून आलेले बच्चू कडू अचलपुरात प्रवीण तायडे यांच्याकडून हरले, तेव्हा त्याला 'धक्कादायक' म्हणण्याची पाळी कदाचित आली नसती.

मोजणी संपल्यावर निवडणूक आयोग 'नमुना २०' नावाचा तक्ता प्रसिद्ध करतो. कोणत्या केंद्रावर कोणाला किती मते पडली, हे त्यात ओळीने लिहिलेले असते. खरी बातमी तिथे असते, पण तोवर गर्दी पांगलेली असते. मी अचलपूरचा तक्ता छापून घेतला आणि संत्र्याची बाग असलेल्या एका मित्रापुढे ठेवला. त्याने चष्मा लावला, वरचे एकूण आकडे सोडून दिले आणि बोट फिरवत फिरवत आधी आपल्या शाळेतले केंद्र शोधले.

"सायेब," तो म्हणाला, "आमच्या गावात तर काही वेगळंच झालं ना! हे पेपरात कामून नाही आलं?"