पुत्राच्या नावाची शिष्यवृत्ती

पुत्रशोकाला औषध नाही, असे जुनी माणसे म्हणत आली आहेत. ऐन शिक्षणाच्या वयात मुलगा गेला म्हणजे आईबापांपाशी त्याची पुस्तके उरतात आणि त्याच्या पुढील शिक्षणासाठी राखून ठेवलेले पैसेही उरतात. त्या पैशांना हात लावणे त्यांच्या जिवावर येते. म्हणूनच मुलाच्या नावाने एखाद्या महाविद्यालयात शिष्यवृत्ती ठेवण्याचा विचार अशा अनेक घरांत सुचतो.

या विचाराची थोर उदाहरणे इतिहासात आहेत. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींचे धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी हे 1918 साली रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडून निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ कोल्हापुरात 1920 साली श्री प्रिन्स शिवाजी मराठा फ्री बोर्डिंग हाऊस निघाले. खेड्यातील मुलाला शाळा मिळाली, तरी शहरात राहावयाचे कोठे आणि जेवावयाचे कोठे, हा त्याचा खरा प्रश्न असतो, हे महाराजांनी जाणले होते. एवढ्यावरच न थांबता, बालवयात विधवा झालेल्या आपल्या सुनेच्या, इंदुमतीदेवींच्या, शिक्षणाचीही त्यांनी व्यवस्था केली. अमेरिकेत स्टॅनफर्ड दांपत्याचा एकुलता एक मुलगा 1884 साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, विषमज्वराने गेला. त्याच्या नावाचे विश्वविद्यालय 1891 साली उघडले, आणि 1920 पर्यंत तेथे शिक्षणशुल्क घेतले जात नसे.

राजाची अथवा धनाढ्याची ऐपत सर्वांना कोठून असणार? पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पुढे चाकणपर्यंत कारखान्यांची रांग उभी राहिली. या पट्ट्यातील घरे बहुधा पगारावर चालणारी. अशा घराने आयुष्याची शिल्लक शिष्यवृत्तीला द्यावयाची, तर ती चिरकाल टिकावी कशी, हे आधी समजून घेतले पाहिजे.

व्यवहार असा असतो. मूळ रक्कम संस्थेकडे अथवा विश्वस्तांकडे ठेव म्हणून राहते, आणि खर्च होतो तो केवळ व्याजाचा. समजा, पाच लाख रुपये सात टक्क्यांनी ठेवले, तर वर्षास पस्तीस हजार येतील. परंतु महागाई दरसाल सहा टक्क्यांनी वाढली, तर सुमारे बारा वर्षांत किमती दुप्पट होतात, आणि त्याच पस्तीस हजारांचे मोल निम्मे उरते. जुन्या काळच्या कित्येक पारितोषिकांची रक्कम आज एका पुस्तकालाही पुरत नाही, ती यामुळेच. यास्तव व्याजाचा काही भाग दरवर्षी मुद्दलात मिळवावा, असे दानपत्रातच लिहून ठेवणे शहाणपणाचे होय.

दुसरा धोका अटींचा. अमुक गावचा, अमुक विषयाचा, अमुक इतके गुण मिळविणारा, अशी गाळणी लावीत गेले म्हणजे पात्र विद्यार्थीच सापडत नाही, आणि पैसा पडून राहतो. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याप्रमाणे, मूळ हेतू पाळणे अशक्य झाल्यास त्याच्या शक्य तितक्या जवळचा विनियोग ठरवून घेता येतो. परंतु ती वाट लांबची आहे. त्यापेक्षा आरंभीच अटी थोड्या ठेवाव्या, आणि त्या बदलण्याचा अधिकार कोणास राहील हेही लिहावे.

तिसरी गोष्ट गरजेची. शुल्काचा भार काही अंशी सरकारी योजना उचलतात. खुद्द शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्तीही आहे. परंतु खाणावळ, बसचा पास, वह्यापुस्तके हे खर्च मुलाच्याच माथी राहतात, आणि पुष्कळदा शिक्षण सुटते ते तेथेच. लहान शिष्यवृत्तीने ही जागा भरून काढावी.

शेवटची गोष्ट सर्वांत नाजूक आहे. शिष्यवृत्ती घेणाऱ्या मुलाने आपल्या मुलासारखे व्हावे, ही अपेक्षा आईबापांच्या मनात नकळत येते. ती स्वाभाविक असली, तरी त्या मुलावर तिचे ओझे घालू नये. त्याला स्वतःच्या आईबापांचे स्वप्न पुरे करावयाचे असते. ज्याला त्याने कधी पाहिले नाही, त्याच्या नावाने त्याची खाणावळीची चिंता मिटली आणि तो निर्धास्तपणे अभ्यासाला बसला, एवढे झाले म्हणजे स्मारक झाले.